हाफ तिकिटाचा नागरिक

मूल म्हणजे कोण, हे या राज्यात फक्त एसटीच्या कंडक्टरला ठाऊक आहे. पाच ते बारा अर्धं तिकीट, त्याच्या अलीकडे फुकट, पलीकडे फुल. आई कितीही म्हणाली, "अहो मास्तर, अजून अकरावं सरायचंय, अंगानंच थोराड आहे मेला," तरी कंडक्टर त्या थोराडाच्या ओठावरच्या लवेकडे एकदा बघतो आणि फुल तिकीट काढून मोकळा होतो.

सरकारला एवढी घाई करून चालत नाही. अंगणवाडीच्या लेखी मूल सहा वर्षांपर्यंत. शिक्षण हक्काच्या लेखी सहा ते चौदा. बालमजुरीच्या कायद्यात चौदाच्या आत. बाल न्याय कायद्यात अठराच्या आत. पण गुन्हा अतिगंभीर असला तर सोळाव्या वर्षीच त्याला मोठा मानायचं का, हे तपासता येतं. म्हणजे गुन्ह्याच्या बाबतीत पोर लवकर मोठं होऊ शकतं. शाळेच्या बाबतीत आठवी झाली की हक्क संपला, पुढची फी आणा. आणि चौदा भरली की खाणी, स्फोटकं आणि कारखान्यातल्या धोकादायक प्रक्रिया सोडून कुठंही कामाला लावा.

यावरून आमचं एक मत बनलं आहे. ज्याला मुलाकडून काही घ्यायचं असतं, त्याला त्याचं वय बिनचूक माहीत असतं. ज्याला द्यायचं असतं, तो आधी नियमावली काढतो.

नियमावली काढायलाही वेळ लागतो, हे इतिहासावरून दिसेलच. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते १९१२ साली फेटाळलं गेलं. इंग्रजांचं राज्य, त्यांना आमच्या पोरांचं काय! कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली हुकूमच काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. राजाचं एक बरं असतं, त्याला अभ्यासगट नेमावा लागत नाही. मग आपलं राज्य आलं. राज्यघटनेने सांगितलं, दहा वर्षांत चौदापर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण द्या. दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली, कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. तारीख कोणी निवडली कोण जाणे, पण माणूस प्रामाणिक असावा.

मधल्या काळात, १९९२ साली, आपण संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारही स्वीकारला. तेवढं मजुरीच्या वयाचं लगेच जमणार नाही, टप्प्याटप्प्याने करू, असं मात्र तिथं नम्रपणे लिहून ठेवलं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त कक्ष अधिकारी आहेत. त्यांना हा उपहास आवडत नाही. "अहो, कायदा करणं सोपं, त्यातून वाट काढणं अवघड," ते म्हणतात. त्यांचं आवडतं उदाहरण फेब्रुवारी २०२४ चं. खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. फीची भरपाई सरकारने करायची. ती थकते म्हणून संस्थाचालक ओरडतात. यावर राज्याने अशी युक्ती काढली की खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. पुण्या-मुंबईत एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा नाही अशी खासगी शाळा शोधायची म्हणजे होकायंत्र घेऊन बाहेर पडायचं! हक्क रद्द केला, असं कोणी म्हणू शकत नव्हतं. फक्त तो वापरायला जागा उरली नव्हती.

"केवढी सफाई!" साहेब अजून हळहळतात. उच्च न्यायालयाला ही सफाई कळली नाही. मे महिन्यात स्थगिती आली, जुलैत दुरुस्ती घटनाबाह्य ठरली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. तोवर प्रवेशाचा निम्मा हंगाम संपला होता आणि पालक मोबाइलवर नकाशा उघडून घरापासूनचं अंतर मोजत बसले होते.

याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ गुरुजींना तोंडपाठ असतं. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं ते कलम म्हणतं. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आता आपल्याकडे निवडणूक नाही असं वर्ष कुठलं, आणि आपत्ती नाही असा महिना कुठला? करोनात गुरुजी नाक्यावर उभे राहिले, नंतर निरक्षर प्रौढ शोधत फिरले. जनगणना तेवढी २०२१ साली व्हायची ती झाली नाही, त्यामुळे देशात मजुरी करणारी पाच ते चौदा वयाची मुलं किती, याला अजून २०११ चाच आकडा सांगतात : एक कोटीच्या वर. त्या मोजणीतलं पाच वर्षांचं पोर एव्हाना मतदार यादीत आलं. अशा रीतीने बालमजूर आपोआप कमी होतात.

शाळेतल्या जेवणाचं खातं जरा वेगळं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य सोडून रोजचा साहित्यखर्च डिसेंबर २०२४ मध्ये ६ रुपये १९ पैसे ठरला होता. त्यातले १९ पैसे आम्हाला फार भावले. रुपये कोणीही देतो, पैसे द्यायला आस्था लागते. पुढच्याच महिन्यात शासन निर्णय आला : अंडा पुलाव हवा असेल किंवा काही गोडधोड करायचं असेल, तर अंडी आणि साखर लोकसहभागातून मिळवा, वेगळा निधी मिळणार नाही. गावोगाव साखर कारखाने असलेल्या राज्यात पोरांच्या खिरीत चिमूटभर साखर पडावी म्हणून मुख्याध्यापकांनी वर्गणी काढायची!

आणि ती साखर येते कुठून, तेही बघू. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोड्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून निघतात. पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, दोन शेळ्या, एखादी कोंबडी आणि सगळ्यांत वर पोरं. फडाच्या कडेला पाचटाची कोपी उभी राहते. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाने आगाऊ उचल दिलेली असते ती कोयत्याला, माणसाला नव्हे. पहाटे कोयता फडात गेला की दहा वर्षांची पोरगी चूल पेटवते, धाकट्याला काखेत घेते. तिचा भाऊ वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो, त्या वैरणीला विकल्या की मीठ-मिरची सुटते. रात्री ट्रक भरायला आई-बाप उठले की पोरंही उठतात, कारण कोपीला दार नसतं. पोरगी पंधराची झाली की मुकादमाच्या हिशेबात नवा कोयता दिसू लागतो. कंडक्टरसारखीच त्याचीही नजर पक्की असते.

आता बालमजुरीचा कायदा बघा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतल्या मुलाला कुठंही कामाला ठेवायला बंदी घातली आणि लगेच एक मायेची सवलत दिली : शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत ते घरच्यांना त्यांच्या कामात मदत करू शकतं. फडावर शाळाच नसते, म्हणून तिथं उजाडल्यापासून शाळेनंतरचीच वेळ असते. सवलतीत बसत नाही असं एकही काम मग उरत नाही.

शिवाय त्या पोराच्या दप्तरात शिक्षण हमी कार्ड असतं. जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवा, बसायला मिळेल. फडापासून ती शाळा तीन-चार किलोमीटरवर, मधे कालवा, आणि कार्ड जपून ठेवायला कोपीत कोरडी जागा नाही. मागे गावात राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण धाकट्याला काखेत घ्यायला जी लागते तिला मागे कोण ठेवणार?

आमच्या साहेबांना हे सगळं मान्य नाही. शाळाबाह्य मुलं शासनाने मोजली होती, हे ते ठासून सांगतात, आणि ते खरं आहे. ४ जुलै २०१५ रोजी, एका दिवसात, सबंध महाराष्ट्रात. मोजणारे अर्थातच गुरुजी होते. तेच पोर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली. मताला अठरा लागतात, शाईला सहा पुरले. ऊसतोड्यांची पोरं तेव्हा सापडली का, असं आम्ही विचारलं. कारण जुलैत कारखाने बंद असतात, फड रिकामे असतात, कोयते गावी परतलेले असतात आणि पोरं आपापल्या वर्गात बसलेली असतात.

"मग ती शाळाबाह्य कशी?" साहेब म्हणाले.

नोव्हेंबरात मोजायचं होतं, आम्ही म्हटलं.

"नोव्हेंबरात कसं जमेल? चौदा तारखेला बालदिन असतो. प्रभातफेरी असते, भाषणं असतात, फोटो वर पाठवायचे असतात. माणसं मोकळी कुठं असतात?"