नाल्याला रविवार नसतो

नदीकाठच्या श्रमदानाचा एक नियम पक्का : बॅनर नदीपेक्षा रुंद हवा. गोंदियात पांगोली नदी वाचवायला लोक खरोखरच उतरतात. घमेली-फावडी घेऊन गाळ काढतात, जलपर्णी ओढतात, कोपरापर्यंत काळे होतात. त्यांना हसणारा मी कोण? हसू येते ते नदीत येऊन मिळणाऱ्या नाल्याच्या कामसूपणाचे. तो सुटी घेत नाही. सकाळी जागा रिकामी केली की दुपारपर्यंत शहराचा साबण, संडास आणि खरकटे यांचा ताजा पुरवठा होतो. जलपर्णीला तर हे खतच. नायट्रोजन, फॉस्फरस फुकट, तेही घरपोच. पंधरवड्यात ती दुप्पट!

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ अभियान निघाले, ७५ नद्यांसाठी. पांगोली जाणायला मात्र नाक पुरते. निवेदने जातात, पोच मिळते. पोचेवरचा शिक्का तेवढा स्वच्छ उमटतो.

सांडपाणी पुढे वैनगंगेकडे निघते. तिथे नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे आलेलीच असते. हे सगळे पाणी अडवणाऱ्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा उगीच नाही मिळाला. दोन जिल्ह्यांची मोरी एकत्र आणायची म्हणजे केंद्राचा निधी लागतोच.