एका रिगची चौकशी

"काल रात्री परत पाऊण तास फोन. आणि बोलणं कशावर? तर बटणं केवढी आहेत यावर!"

काकूंनी भिंतीवर कोपर टेकवलं की मी ओळखतो, आता आत कुकरच्या कितीही शिट्ट्या होवोत, या हलायच्या नाहीत. बेलापूरचं आमचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलं. घराघराला अंगण मिळावं, यावर त्यांचा कटाक्ष होता. अंगणं आली म्हणजे मधल्या भिंती आल्या, आणि भिंती आल्या म्हणजे काकू आल्या.

"कुणाची बटणं?"

"रिगची रे! काकांना गाडीत बसवायचा हॅम रेडिओ घ्यायचाय ना. तोही जुना, कारण नवा मिळत नाही, कंपनीनं बनवणंच थांबवलंय. मग ज्याच्याकडे तो आहे त्याला फोन. आमच्या मुलीचं स्थळ पाहिलं तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती यांनी. तेव्हा मुलगा काय करतो, घरी कोण कोण, झालं. आता विचारतात, तापतो का, आवाज कसा, आधी कुणी उघडला होता का, आणि मुळात विकताय का!"

काकांचं हौशी रेडिओचं लायसन्स जुनं, व्हीयू-टू कॉलसाइनवालं. म्हणजे मोर्स घेऊन-देऊन पास झालेले. बाकी बहुतेक जगानं मोर्सची परीक्षा केव्हाच सोडली, आपल्याकडे जनरल ग्रेडला ती अजून आहे. आता इतकी वर्षं घरातल्या कोपऱ्यात बसून बोलल्यावर त्यांना वाटायला लागलंय की पाम बीच रोडवरून जाता-जाता बोलावं. डोळा आहे तो याएसूच्या एफटी-८५७डी वर. साडेपंधरा सेंटीमीटर रुंद, पाच सेंटीमीटर उंच, वजन दोन किलोच्या किंचित वर. एवढ्याशा खोक्यातून शॉर्टवेव्हला १०० वॉट, दोन मीटरच्या बँडला ५० आणि सत्तर सेंटीमीटरला २०. शिवाय तोंड सुटं करून डॅशबोर्डवर लावायचं आणि धड सीटखाली सारायचं. ही तोंड-धड वेगळं करण्याची सोय आयकॉमच्या आयसी-७०६ नं १९९५ मध्ये लोकप्रिय केली, आणि तेव्हापासून गाडीवाल्या हॅमांना डोकं नसलेला रेडिओ सीटखाली ठेवायची चटक लागली.

"मग काय म्हणतात मालक लोक?"

"एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे," काकू म्हणाल्या आणि कढीपत्त्याची डहाळी मोडून ती भिंतीवरच निवडायला घेतली. "महापेला नोकरीला जातो तो एक आहे. तो म्हणतो, काका, डोळे मिटून घ्या. गाडीत याच्यासारखा सोबती नाही. जरा खोदून विचारलं तर म्हणतो, फक्त गाडी चालवताना त्याला हात लावू नका. एवढ्याशा अंगात सगळं कोंबलंय, मग बटणं कमी आणि मेनू जास्त. नव्वदेक नोंदी आहेत मेनूत! टोन बदलायचा तर सीवूड्सच्या सिग्नलला सुरुवात करायची, नेरूळच्या सिग्नलला संपवायचं."

"मग सोबती कसला तो?"

"तेच मी म्हटलं. तर काका म्हणतात, मेमरीत सगळं आधी भरून ठेवायचं, मग एका गोल बटणावर काम होतं. बघ, अजून घरात आला नाही तर यांनी त्याच्या खोडीही सांभाळून घेतल्या!"

दुसरे गृहस्थ खारघरचे, चौदाव्या मजल्यावरचे. त्यांच्याबद्दल काकू जरा खालच्या आवाजात बोलल्या, अर्थात खालचा म्हणजे पलीकडच्या तिसऱ्या घराला ऐकू जाणार नाही इतपतच. या गृहस्थांनी गाडीचा रेडिओ घरात टेबलावर मांडलाय. गाडीची बॅटरी तिथे कुठून आणणार, म्हणून पॉवर सप्लाय. आता १०० वॉट बाहेर टाकायचे तर आत पावणेचौदा व्होल्टला वीस-बावीस अँपिअर लागतात. तेवढा करंट देणारा जड ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय ठेवायला घरात परवानगी मिळेना, म्हणून त्यांनी हलका, स्वस्तातला स्विचिंगवाला आणला. आणि तेव्हापासून त्यांची एकच तक्रार: या रिगचा रिसीव्हर वाईट, नुसती घरघर ऐकू येते.

"रिसीव्हर वाईट नाही रे," काकू एकदम तावातावाने म्हणाल्या. "ती घरघर त्याच्या स्वतःच्या सप्लायची. वर घरभर स्वस्तातले एलईडी बल्ब, गच्चीवर सोसायटीच्या सोलरचे इन्व्हर्टर, भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर. आणि अँटेना कुठे? तर बाल्कनीच्या ग्रिलला, कपडे वाळत घालायच्या दांडीशेजारी! सोसायटीनं गच्चीवर लावू दिली नाही. सेक्रेटरी म्हणाले, आधीच मोबाइल टॉवरवरून भांडणं चालू आहेत, आता तुमचं हे काय? यानं समजावलं की हा टॉवर नाही, तार आहे. ते म्हणाले, तार असेल तर केबलवाल्याला विचारा. म्हणजे रिसीव्हर बिचारा सगळं नीट ऐकतोय, त्याच्या कानाशी बोंब मारतंय ते घर. आणि नावं कुणाला? तर रिगला."

मी जरा चमकून पाहिलं. काकूंना हे सगळं कुठून?

"असा काय बघतोस? माझंही लायसन्स आहे, व्हीयू-थ्री. काकांनी सांगितलं नाही? नाही सांगायचे ते."

झालं असं, की काकांनी कुणा पोराला परीक्षेसाठी शिकवायला घेतलं होतं. पोरगा बाराव्या वर्षी बसू शकतो हे कळल्यावर त्याच्या आईनं आणून बसवलं. प्रश्न काकूंनी विचारायचे, उत्तरं पोरानं द्यायची. महिनाभर प्रश्न विचारून-विचारून काकूंना उत्तरं पाठ झाली आणि पोरगा क्रिकेटच्या कोचिंगला लागला. मग यांनी काकांना न सांगता सरल संचारच्या पोर्टलवर स्वतःचा अर्ज भरला आणि कुर्ल्याला बदल, दादरला बदल असं करत बोरिवलीला जाऊन पेपर देऊन आल्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नसतं. ५० टक्के लागतात. काकूंना किती मिळाले हे त्यांनी सांगितलं, पण मी लिहिणार नाही, काका हे वाचतात.

"मला त्या भारती प्रसादांचं फार कौतुक वाटतं बघ," त्या म्हणाल्या. "२००४ मध्ये त्या हॅम लोकांची मोहीम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून बोलणं म्हणजे दुर्मीळ, जगभरचे लोक रांग लावून. आणि २६ डिसेंबरला त्सुनामी. फोन बंद, सगळं बंद. जो रेडिओ हौसेसाठी नेला होता त्याच्यावरून बेटांवरच्या लोकांची खुशाली कळवायला सुरुवात केली त्यांनी. तेव्हा मी यांना म्हटलं होतं, बाई करू शकते. हे म्हणाले, हो हो, आणि चहा मागितला."

हवेवर हॅम लोक एकमेकांच्या बायकांना 'एक्सवायएल' म्हणतात. काकूंना वर्षानुवर्षं 'तुमच्या एक्सवायएलला नमस्कार' असे निरोप यायचे. आता त्या स्वतः माईक घेतात तेव्हा समोरचा आधी गडबडतो आणि मग एकदम शुद्ध बोलायला लागतो, असं त्या मोठ्या समाधानानं सांगतात.

"तिसरा तो डोंगरवाला," त्यांनी गाडी परत रुळावर आणली. "प्रबळगडावर, माथेरानला रेडिओ घेऊन जातो. त्याचं म्हणणं, हा रिग डोंगराचा नाहीच. रिग दोन किलोचा, पण त्याला पोसायची बॅटरी कोण वाहणार? त्यापेक्षा पाच वॉटचा छोटा बरा. उंचावर गेलं की पाच वॉटही पुष्कळ. यावर काका चिडले. म्हणाले, अरे, मी डोंगरावर चाललोच नाही, गाडीत चाललोय. पण त्याचं एक बरोबर आहे. दोन मीटरच्या बँडला डोंगर आडवा आला की संपलं. इथून आपल्या मागच्या डोंगरापलीकडच्या माणसाशी बोलायचं तर पन्नास वॉट टाकूनही तो 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' करतो. पारसिक हिलवर चढून हातातल्या पाच वॉटवर बोल, लगेच ऐकतो."

"हातातल्याचं म्हणाल तर आमच्या भाच्यानं घेतलाय एक. ऑनलाइन. ट्रेकसाठी."

काकूंनी कढीपत्ता खाली ठेवला. "लायसन्स?"

"नसावं."

"मग सांग त्याला, परत करून टाक म्हणावं. नुसता बाळगायलाही परवाना लागतो. सरकारनं २०२५ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांवर नियम आणले ते उगाच नाही. पोरं कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर 'हॅलो हॅलो' करत सुटतात. आपल्याला दोन मीटरला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ दिलंय, सत्तर सेंटीमीटरला ४३४ ते ४३८. त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"आणि आता विमानतळ सुरू झालाय, पायलट काय बोलतात ते..."

"ऐकायचं नाही. येत असलं तरी नाही." इतक्या ठामपणे, की काका रोज ऐकत असावेत अशी मला शंका आली. पण मी ती भिंतीच्या माझ्या बाजूलाच ठेवली.

चौथा मालक म्हणजे प्रत्यक्ष विकणारा. या लोकांची विकण्याची भाषा ठरलेली असते: वापर कमी, एकहाती, घरात कुणी सिगारेट ओढत नाही, मूळ खोका आहे, पडद्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. काकूंचा याच्यावर विश्वास नाही. पडद्यावरचं प्लास्टिक न काढणाऱ्या माणसानं रेडिओ वापरलाच नसेल तर त्याचं मत कशाला घ्यायचं, असा त्यांचा सवाल. विकायचं कारण विचारलं तर तो म्हणाला, जागा नाही. "साडेपंधरा सेंटीमीटरला जागा नाही?" काकू म्हणाल्या. "बायकोनं सांगितलं असणार, तो किंवा मी."

मला यातली गंमत अशी वाटते, की या चौघांनी मिळून रिगबद्दल फारसं काही सांगितलंच नाही. एकानं आपल्या रस्त्याचं सांगितलं, एकानं सोसायटीचं, एकानं पाठीचं आणि एकानं संसाराचं. मी तसं काकूंना म्हटलंही.

"तर काय! आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून त्याचं कुणी बोलत नाही. अँटेना! गाडीला दोन मीटरची लावायची तर ४९-५० सेंटीमीटरची काडी पुरते. टपावर मध्यभागी लावली की झकास चालते. पण चाळीस मीटरच्या बँडला पाव लांबीची काडी म्हणजे दहा मीटर! ती गाडीवर लावून पाम बीचच्या पुलाखालून जाईल का कुणी? मग काडी दोन मीटरची आणि बाकीची लांबी कॉइलमध्ये गुंडाळायची. अशानं शंभर वॉटमधले बरेचसे कॉइल आणि गाडीचा पत्रा तापवण्यातच जातात. मग लोक म्हणतात, रिग लांब पोहोचत नाही. आणि वायर! एकानं लायटरच्या सॉकेटमधून दिली होती. तिथला फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा. पहिल्याच 'हॅलो'ला उडाला. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढायची, बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा, हे लॅमिंग्टन रोडवरचा पोऱ्यासुद्धा सांगेल. पावसाळ्यात आणि खाडीच्या हवेत कनेक्टर हिरवे पडतात ते वेगळंच, त्यांना टेप गुंडाळत बसायचं."

मग अचानक त्यांनी विचारलं, "४२ च्या काँग्रेस रेडिओचं ठाऊक आहे ना?"

उषा मेहतांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत सुरू झालेलं भूमिगत केंद्र, नोव्हेंबरात पकडलं गेलं. पण काकूंना सांगायचं होतं ते वेगळंच. युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी लोकांचे परवाने रद्द केले होते, आणि काँग्रेस रेडिओवाल्यांना ट्रान्समीटर उभा करून दिला तो नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्यानं. पोलिसांची माग काढणारी यंत्रं मागावर, म्हणून जागा सारख्या बदलायच्या. पुढे प्रिंटर पकडले गेले आणि त्यांनीच पोलिसांना ठिकाण दाखवलं.

"फितूर!" ऐंशी वर्षांनंतरही काकूंनी हा शब्द अशा सुरात उच्चारला, जणू ते गृहस्थ सेक्टर आठमध्येच राहतात. "पण मुद्दा तो नाही. ते बोलायचे ४२.३४ मीटरवर. म्हणजे किती मेगाहर्ट्झ?"

"काकू, माझं गणित..."

"तीनशे भागिले बेचाळीस पूर्णांक चौतीस. साधारण सात पूर्णांक शून्य आठ. आपला चाळीस मीटरचा बँड सात ते सात पूर्णांक दोन. म्हणजे तो आवाज जिथून निघायचा, तिथेच आता आम्ही रविवारी सकाळी हवापाण्याच्या गप्पा मारतो. त्यांनी जागा बदलत-बदलत चालवलं, आपल्याला घरात बसून सरकार परवानगी देतंय. मग निदान तार तरी बरी नको?"

"हवी की."

"वीस मीटर लागते. दोन्ही बाजूंना दहा-दहा आणि मध्ये केबल. जितकी उंच तितकी बरी. आमच्या हद्दीत मोजली, टेप लावून मोजली. गच्चीच्या टोकापासून पुढे दहा-अकरा मीटर कमी पडतात." त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली. मागे आमचा नारळ. "काकांना मी सांगितलं, त्या रिगचं काय ते सावकाश ठरवा. आधी तारेचं बघते."

"नारळावर चढायला माणूस लागेल, काकू. आणि झावळी पडली की तार तुटेल."

"माणूस गुरुवारी येतोय. तुझे नारळही उतरवून देईल, फुकट. तारेला कप्पी आणि वजन लावणार आहोत, झाड हललं तरी ताण येणार नाही. मी सगळं वाचलंय."

"आणि घरात टीव्हीला खरखर आली तर?"

"आधी तुझे एलईडी बल्ब बघू," काकू म्हणाल्या, आणि कढीपत्ता गोळा करून कुकर बंद करायला आत गेल्या.