पोळा पास, जवाई नापास

पोळा कधी, हे पांढुर्ण्यात कोणी कॉम्प्युटरला विचारत नाही. बैलांची शिंगं रंगू लागली की कळतं. दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे भिरकावू लागले, की उरलेल्या जगालाही कळतं. तरी मी पोळ्याच्या तारखेचं पीडीएफ कॅलेंडर बनवणारा प्रोग्रॅम लिहिला. २०२३ मध्ये आमचा वेगळा जिल्हा झाला; जिल्ह्याच्या नावावर एखादं सॉफ्टवेअर असावं, ही माझी तळमळ. जिल्ह्यानं तशी मागणी केली नव्हती.

पहिलं प्रात्यक्षिक सासरी, सौंसरला. मेहुण्याच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स अगदी मोजकं टाकलेलं. पीडीएफ उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. सासरेबुवांनी चष्मा पुसला. "जवाईबापू, पोळ्याले बैल पाह्यले होते जी. डबे पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

माझ्या मशीनवर लोहित देवनागरी फॉन्ट होता. प्रोग्रॅमच्या पॅकेजला तो लागतो, हे डिपेंडन्सीच्या यादीत लिहिलंच नव्हतं. अशा वल्लींसाठी डेबियनकडे ऑटोपीकेजीटेस्ट आहे. दर वेळी कोऱ्या मशीनवर पॅकेज चढवायचं, जाहीर केलेल्या डिपेंडन्सी तेवढ्याच द्यायच्या आणि टेस्ट चालवायची. नव्या नवरीचं सासरच ते: माहेरची एकही सोय नाही.

आमिषही आहे. पॅकेज आधी डेबियनच्या 'अनस्टेबल' आवृत्तीत येतं. तिचं नाव सिड, 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा पोरगा. तिथून 'टेस्टिंग'मध्ये जायला एरवी साधारण ५ दिवस, टेस्ट पास असल्या तर २. पोळा तोंडावर आलेला, म्हणून मी फार उदार टेस्ट लिहिली: पीडीएफ तयार झाली की पास. चौकोनांसकट पास. तपासणाऱ्या मेंटेनरनं शांतपणे कळवलं, की अशा टेस्टवर 'सुपरफिशियल' असा शिक्का मारायचा असतो आणि मग सवलत मिळत नाही. म्हणजे माझ्यासारखे आधीही होऊन गेले असणार. नियम उगाच होत नाहीत.

मग पीडीएफच्या पोटात लोहित आहे का, हे बघणारी खरी टेस्ट लिहिली. फॉन्ट सापडला, तारीख जुळली, तरी नापास! कोऱ्या मशीनवर मराठी लोकेल (भाषेची सेटिंग्ज) नव्हतं, म्हणून प्रोग्रॅममागच्या पर्लनं एरर-आउटपुटवर कुरकुर केली होती. आणि आधी परवानगी घेतली नसेल, तर तिथला एक शब्दही नापास करायला पुरतो. काम करायचं आणि तोंडही वाजवायचं, हे आमच्या घरी चालतं, टेस्ट चालवणाऱ्या रोबोकडे नाही. 'लोकेल्स-ऑल' यादीत टाकलं, तेव्हा कुठे हिरवा रंग दिसला.

पुन्हा सौंसर. अक्षरं सुबक, तारीख अचूक. सासरेबुवांनी पान भिंतीवरच्या हिंदी पंचांगाशेजारी धरलं. "तुमचा पोळा श्रावण अमावस्येले. याच्यात तर भादो लिहून आहे!"

दोन्ही बरोबर. आपला महिना अमावस्येला संपतो, हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे एकच अमावस्या इकडे श्रावणातली, तिकडे भाद्रपदातली. मराठी घरं आणि हिंदी कचेऱ्यांच्या जिल्ह्यात राहूनही ही शंका टेस्टला आली नाही, कारण टेस्टही मीच लिहिली होती.

आता दोन्ही महिने छापतो, आणि रोबोनं पास केलेली प्रत्येक आवृत्ती सासरेबुवांकडे जाते. त्यांच्याकडे सवलत नाही. डिपेंडन्सी मात्र एकच: चहा, तोही जवायानं केलेला.