फुटपाथ सापडल्यास कळवावे

हिंजवडीत फुटपाथ नाही असं जे म्हणतात, त्यांनी हिंजवडी कधी पायांनी पाहिलेली नाही. फुटपाथ आहे. फक्त तो हप्त्याहप्त्याने भेटतो. शिवाजी चौकातून आयटी पार्काच्या फेज वनकडे निघालं की एका मोबाइलच्या दुकानापुढे तो उगवतो, दहा-पंधरा पावलं इमानाने सोबत करतो, विजेच्या डीपीपाशी येऊन थबकतो आणि तिथून जो गडप होतो, तो पुढे रसवंतीपाशी पुन्हा वर येतो. तेही चांगला वीतभर उंच होऊन. मधल्या टापूत आपण रस्त्यावर उतरायचं, मागून येणाऱ्या कंपनीच्या बसला मनोमन हात जोडायचे आणि वेळ आलीच तर नाल्याच्या झाकणावर उभं राहून तिला वाट द्यायची. झाकण असेल तर.

तो असा तुकड्यातुकड्यांचा का, याला कारण आहे. कागदोपत्री हिंजवडी अजून मुळशी तालुक्यातलं एक गाव आहे. सरपंच आहे, ग्रामसभा आहे, गावठाण आहे. या गावाच्या शिवारात एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं, म्हणून पार्कातले रस्ते एमआयडीसीचे. गावठाणातले ग्रामपंचायतीचे. काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे. डोक्यावरून जाणारी मेट्रो पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीतली. आणि वाकडची हद्द लागली की पिंपरी-चिंचवड महापालिका. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाचा डावा पाय एका खात्यात आणि उजवा दुसऱ्या खात्यात असू शकतो. तो ठेचकाळला तर अंगठा त्याचा, एवढंच नक्की असतं.

एकदा असाच अंगठा घेऊन मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही, कारण त्यांनाही ते शेवटपर्यंत मान्य नव्हतं. टेबलामागच्या साहेबांनी नकाशा उलगडला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "नक्की कुठला फुटपाथ म्हणताय?"

"हा काय, चौकाच्या पुढचा. मी आत्ता त्याच्यावरूनच चालत आलो."

"चालत आलात?" साहेबांचा चेहरा उजळला. "चालता येतंय ना? मग तो आमचा नसणार."

मी निरुत्तर झालो. माणूस आपल्या कामाबद्दल इतका प्रामाणिक असेल, तर तक्रार कशाची करायची?

आता ही भानगड मिटावी म्हणून हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं येतो आणि जातो. महापालिका अजून आलेली नाही. भावी नगरसेवक मात्र येऊन पोहोचलेत. हात जोडून, गॉगल लावून, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. आणि फ्लेक्सला बांबू लागतात, बांबूला खड्डे लागतात, खड्ड्याला मऊ जागा लागते. पेव्हर ब्लॉक काढून तिथे बांबू रोवणं हे डांबर फोडण्यापेक्षा केव्हाही सोपं. त्यामुळे माझ्या माहितीत आमच्या फुटपाथचा सर्वांत नियमित उपयोग लोकप्रतिनिधित्वाची इच्छा असलेल्या तरुणांनीच केलेला आहे.

फुटपाथ कसा असावा याचं शास्त्र नाही असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 103 म्हणून एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात लिहिलंय की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. 1.8 मीटर एवढ्यासाठी, की चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना पार करून जाव्यात. आमच्याकडेही फुटपाथवर चाकं समोरासमोर येतात, पण ती हेल्मेट घालून येतात. संध्याकाळी सहानंतर रस्ता तुंबला की दुचाक्या एकेक करून वर चढतात, आणि मग मागून हॉर्न वाजतो. मी वळून पाहिलं, तर स्वार अत्यंत सभ्यपणे म्हणतो, "काका, साइडला घ्या ना जरा." साइड म्हणजे रस्ता. मी रस्त्यावर उतरतो. तिथे गाड्या उभ्याच असल्यामुळे तसा धोका काही नसतो.

उलट करमणूक असते. आमच्या सोसायटीतले एक कुलकर्णी त्या गर्दीत हमखास सापडतात. ते काच खाली करतात, मी त्यांच्या दाराच्या बाजूने चालू लागतो आणि आम्ही सोसायटीच्या पाणीपट्टीवर बोलतो. बोलता बोलता मी पुढे निघून जातो. मग शेंगदाणेवाल्यापाशी थांबून त्यांची वाट पाहतो. ते पोहोचेपर्यंत माझी पुडी संपलेली असते आणि त्यांचा मुद्दा तयार झालेला असतो. चर्चेला इतका सावकाश, इतका समंजस वेग मी कुठल्याही सर्वसाधारण सभेत पाहिलेला नाही.

2025 चा पावसाळा लवकर आला आणि रस्त्यांच्या नद्या झाल्या. आयटी पार्कातल्या त्या पाण्याचे व्हिडिओ देशभर फिरले. जुलैमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले आणि आयटी पार्क बंगळुरू-हैदराबादकडे चाललंय, अशा शब्दांत त्यांनी सरपंचांना सुनावलं. गावात खूप चर्चा झाली. माझी शंका साधी होती: ते जाणार कुठून? शुक्रवारी संध्याकाळी निघालं तर सोमवारपर्यंत वाकडच्या पुलाखालीच असेल.

पावसात फुटपाथची एक वेगळी कला कळते. सुटलेला ब्लॉक वरून अगदी सज्जन दिसतो. पाय पडला की तो एका बाजूने दबतो आणि दुसऱ्या बाजूने गढूळ पाण्याची चिळकांडी थेट गुडघ्यापर्यंत मारतो. अनुभवी माणसं कडेकडेने, टाच न टेकता चालतात. फेज वनमध्ये नव्याने नोकरीला लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात इस्त्रीची फिकट पँट घालून येतात. मग ती शहाणी होतात आणि काळी जीन्स घेतात.

डोक्यावर मेट्रो आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर, 23 किलोमीटर, स्थानकंही 23. भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही, कौतुकच आहे. पण मेट्रोतून उतरलेला माणूस शेवटी जिना उतरून जमिनीवर येतो, आणि जमिनीवर तो पादचारी असतो, हे कोणीतरी कुठल्या तरी आराखड्यात लिहून ठेवायला हवं होतं. हवेतले किलोमीटर एका दमात होतात. खालची शेवटची दोनशे पावलंच भारी.

पुणे शहराला मात्र पादचाऱ्यांची हौस आहे. जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस फुटपाथ झाले, बाकं आली. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन होतो. मी एकदा मुद्दाम पाहायला गेलो होतो. लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते आणि आपण चालतोय याचे फोटो काढत होते. आमच्याकडचा पादचारी दिन याच्याहून कितीतरी जुना आहे. त्याला म्हातोबाची यात्रा म्हणतात.

चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला बगाड निघतं. गळकरी पाठीत गळ टोचून घेऊन बगाडावर चढतो, पुढे मागे भंडाऱ्यात न्हालेली माणसं, आणि सगळा रस्ता पायांचा. त्या दिवशी हा पट्टा एमआयडीसीचा की पंचायतीचा, असं कोणी विचारत नाही. फाइल नाही, निविदा नाही, ना-हरकत नाही; वाहतूक आपोआप दुसरीकडे वळते. मी दरवर्षी जातो. देवावर श्रद्धा आहेच, पण हिंजवडी ते वाकड एका सरळ रेषेत चालायला मिळतं, हाही भाग आहे.

सध्या मात्र आमच्या चौकाजवळ खरोखरीच काम निघालंय. नवे ब्लॉक, पिवळी-काळी कड, मध्ये अंधांसाठी उंचवट्यांची पट्टी. ती पट्टी सध्या एका कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत नेऊन सोडलीय. परवा संध्याकाळी हौसेने त्यावर पाय ठेवणार, तोच मुकादम ओरडला.

"ओ काका, त्याच्यावरून नका चालू! खराब होईल."

"मग चालायचं कधी?"

"आधी उद्घाटन होऊ द्या."

"आणि उद्घाटन?"

"ते पुढच्या महिन्यात. पण त्याच्या आधी हे सगळं उखडायचंय. खालून पाइप टाकायचा राहिलाय ना!"