हंडा की कळशी

व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर घाई चालत नाही. फोटो चुटकीसरशी कॉपी होतात. तीन तासांच्या लग्नाला मात्र तीन तासच बसावं लागतं. व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना कॅप्चर कार्डाला जोडायच्या आणि थोरल्या काकांचं १९९३ सालचं लग्न अक्षतांसकट पुन्हा लावायचं.

आमच्या करंजा गावात आणखी एक भानगड. खाडीची खारट, दमट हवा टेपवर पांढरी बुरशी धरते. ती न पुसता कॅसेट घातली की हेड चोंदलंच. आणि व्हीसीआर आणायचा कुठून? शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाईनेही २०१६ च्या जुलैत हात टेकले. आमचा भंगारवाल्याकडून आला, वजनावर.

शूटिंगवाल्याने मंगलाष्टकं तोंडदेखली उरकली होती. त्याचा जीव आहेरात. हॅलोजनच्या झोतात प्रत्येक भांडं, पाकीट, देणाऱ्याचा चेहरा. तलाठ्याने पंचनामा करावा तसं. मध्येच नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येते, तेवढीच करमणूक.

कॅसेट लागल्याची बातमी खाडीपलीकडे गेली आणि आत्या रेवसहून लाँच पकडून पुराव्यासाठी हजर.

"मी हंडा दिला होता. ही वहिनी तीस वर्षं कळशी सांगत फिरते!"

"लाव रे," काकी म्हणाल्या, "आणि थांबव तिथंच."

थांबवलं. या टेपवर एका चित्राच्या अर्ध्या रेषा आधी टिपलेल्या, उरलेल्या अर्ध्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतर. त्यामुळे हलतं भांडं थांबवलं की त्याच्या कडेला दात फुटतात. त्यात स्पष्टता जेमतेम २४० रेषांची, रंग कडेबाहेर ओघळलेला. हंडाही म्हणता येईना, कळशीही. भाच्याने एआय लावून चित्र ठळक केलं. एआयने मनापासून मदत केली, भांड्याला नळाची तोटी बसवून दिली. यंत्राला भांड्यातलं काही कळत नाही, यावर मात्र दोघींचं एकमत झालं.

इतका वेळ गप्प बसलेले काका म्हणाले, "अगं, कशाला भांडता? ते भांडं मोडीत घालूनच तर या शूटिंगवाल्याचे राहिलेले पैसे दिले."

आत्या पुढे सरकली. "किती किलो भरलं होतं?"