म्हणे

"काय हो वहिनी, मागचा तुकडा काढला म्हणे विकायला?"

सकाळचे नऊ वाजले असतील. पाऊस नुकता उघडलेला, शेराच्या वईवरून पाणी ठिबकत होतं, आणि शेजारच्या काकू पलीकडे हातात भेंडीचं पिवळं पान धरून उभ्या. आमच्या खालापुरात जमिनीची बातमी चहाच्या आधी येते. एक्स्प्रेस वे झाल्यापासून तर 'मुंबईची पार्टी', 'फार्महाउस', 'एनए' हे शब्द शेंबड्या पोरांनाही पाठ झालेत.

"कोण म्हणालं?"

"कोण ते काय, आलं कानावर."

"कोणाच्या तोंडून पण?"

"आता सगळं कुठे ध्यानात राहतं!"

पडवीत दात घासत उभी असलेली माझी भाची खुदकन हसली. पुण्याला मेंदूवर पीएचडी करते, रात्रीच आली होती. "आजी, आमचं कामच हे. मेंदूतली एक पेशी धरायची आणि विचारायचं, तुला कोणी सांगितलं? ती बापडी तरी कुठे सांगते! मग मागावर विषाणू सोडायचा."

"विषाणू?" काकूंनी पान वईवरून पुढे केलं. शिरा हळदीसारख्या पिवळ्या, मधेमधे हिरव्याचे ठिपके. "हा बघ तुझा विषाणू. केवडा पडलाय सगळ्या भेंडीवर. पांढरी माशी आणते म्हणतात. माग कसला काढतोय, झाडं उपटायला लावतो."

"आमचा रेबीजचा असतो."

काकू दोन पावलं मागे सरल्या. त्यांना आठव्या वर्षी कुत्रा चावला होता. तेव्हाची लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेली, बेंबीभोवती चौदा सुया. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली, आता दंडात चार-पाच इंजेक्शनांवर भागतं. पण चौदाचा आकडा निघाला की काकूंचा हात अजून पोटावर जातो. तसाच गेला.

"अहो, पाळलेला आहे तो," भाची म्हणाली. "मूळ वाणही लसीचाच. युरोपात रानातल्या कोल्ह्यांना आमिषात घालून देत, तो."

मग तिने चूळ भरली आणि वईला येऊन टेकली. मी भाकरी तव्यावर टाकून आले होते, तीही विसरले.

रेबीज म्हणे रक्तातून धावत नाही. चावलेल्या जागी स्नायूत बसतो, तिथल्या नसेचं टोक पकडतो आणि नसेच्या आतून उलटा चढत पाठीच्या कण्यात, तिथून मेंदूत जातो. म्हणून तोंडाला चावलेलं जास्त वाईट, वाटच कमी. (पायाला चावलं म्हणून बसून राहायचं नाही. साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे तिने दोनदा सांगितलं.) आणि एका पेशीतून दुसरीत शिरतो तोही वाटेल तसा नाही. हिला जी पेशी निरोप देते, तिच्यातच शिरतो. ऐकणारीकडून सांगणारीकडे.

"म्हणजे खोपोलीच्या पाइपाला धरून वर वळवणच्या धरणापर्यंत चढायचं, तसं," काकू म्हणाल्या. काका टाटांच्या वीजघरात होते. ते 1915 पासून चाललंय आणि काकूंची बरीच उदाहरणं तिथूनच निघतात.

"बरोब्बर. पण हा धरणापाशी थांबत नाही. त्याच्या वरच्या ओढ्यात, तिथून डोंगरात. सगळीकडे पसरतो, मग कोण कोणाला थेट बोललं ते काय कळणार? म्हणून 2007 साली कॅलिफोर्नियात, सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये, इयन विकरशॅम, एडवर्ड कॅलवे आणि त्यांच्या सोबत्यांनी युक्ती काढली. रेबीजची जनुकं सगळी मिळून पाच. त्यातलं एक त्याच्या अंगावरचे काटे बनवतं. काट्यांशिवाय त्याला पुढच्या पेशीत शिरता येत नाही. ते जनुकच काढलं आणि रिकाम्या जागी जेलीफिशच्या हिरव्या चकाकीचं जनुक बसवलं."

"मग पहिल्या घरात तरी शिरतो कसा?" काकूंचं शिक्षण सातवी. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"त्याला कोंबड्यांच्या एका विषाणूचा अंगरखा घालतात. उंदराच्या पेशी त्या अंगरख्याला ओळखत नाहीत, दार उघडत नाहीत. आपल्याला हव्या त्याच पेशींत आधी एका निरुपद्रवी विषाणूच्या हातून कोंबडीचं दार बसवून घ्यायचं, आणि काढून घेतलेल्या काट्यांची सोयही तिथेच करायची. हा येतो, शिरतो, काटे चढवतो, एक घर मागे जातो. तिथे काटे नाहीत. बसला तिथेच, हिरवा होऊन."

तिने मोबाइल वईवरून धरला. काळ्याकुट्ट पडद्यावर हिरवी झाडं, मुळाफांद्यांसकट. मधोमध चार-पाच पिवळे ठिपके. ज्यांच्यापासून सुरुवात केली त्या पेशींत आधीच लाल रंग भरलेला, त्यावर हिरवा चढला की पिवळ्या दिसतात. नुसत्या हिरव्या त्या सांगणाऱ्या. उंदराच्या एवढ्याशा मेंदूत 7 कोटी चेतापेशी, माणसाच्या 8,600 कोटी. त्यातून नेमक्या ह्या एवढ्याच. काकूंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या पानाकडे.

"आणि उंदीर?"

भाचीने मोबाइल खिशात घातला. "मेंदूचे काप काढायचे म्हणजे उंदीर राहत नाही, आजी. ज्या पेशींत हा विषाणू बसतो, त्याही काही आठवड्यांत मरायला लागतात. म्हणून माणसात नाही हे करत."

"मग कशाला एवढं?"

"कंपवात हात का थरथरतो, भीती कुठून कुठे जाते, हे बघायचं तर आधी वाट माहीत नको?"

काकू "हं" म्हणाल्या. पटलं की नाही ते त्यांच्या 'हं'वरून कधीच कळत नाही. घरातून करपल्याचा वास आला तशी मी पळाले. मागून काकूंचा आवाज आला, "गिरणीवर ऐकलं हो, तुमच्या तुकड्याचं! आठवलं आत्ता!"

एक घर तरी कळलं.

संध्याकाळी तांदळाचं दळण आणायला गिरणीवर गेले. पट्टा थांबवून, पीठ झटकत गिरणीवाल्याने विचारलं, "वहिनी, तुमची भाची पुण्याला पिसाळलेली कुत्री पाळते म्हणे?"