डभोईचे बैल

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मे महिन्यात दुपारी झोपाळा ज्याने आधी गाठला त्याचा. त्या दिवशी पुतण्याने गाठला होता. तासभर फोनवर लढाई चालली होती, मग एकदम सगळं अडखळायला लागलं.

"काका, फोन तापला. मोठे कोअर दमले."

कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम उरकणारे गडी. फोनच्या पोटातल्या या गड्यांतही मोठे-धाकटे असतात हे मला नवीन होतं. 2011 साली आर्म कंपनीने ही जोडी लावून दिली: थोरला कॉर्टेक्स-ए15, धाकटा कॉर्टेक्स-ए7. मांडणीचं नाव 'बिग-लिटल'. बारशाला आत्या हजर नसावी.

थोरला म्हणजे प्रवासाला निघालेले आमचे दादा. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून चार बॅगा आधीच उपसून ठेवतात, आणि अंदाज चुकला की उपसलेलं सगळं वाया. पण बरोबर आला तर त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. धाकटा ए7 समोर येईल ते रांगेने उरकतो. मेल आली का बघ, गाणं चालू ठेव, असली कामं त्याची. त्यात वेगाचा हिशोब मोठा कडू. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि ते दुप्पट केलं की तेवढ्यानेच विजेचा खर्च चौपट. म्हणून घड्याळाचा काटा सरकवायला थोरल्याला उठवत नाहीत. आता इंटेलनेही 2021 पासून घरच्या संगणकांत असं एकत्र कुटुंब थाटलंय.

मला मात्र डभोईचे बैल आठवले.

1862 साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या राज्यात डभोई ते मियागाम रूळ पडले, देशातली पहिली नॅरोगेज. गाडी ओढायला बैल! पुढच्याच वर्षी विलायतेहून इंजिन बनून आलं. ताकद भरपूर, पण हलके रूळ त्याचं वजन पेलेनात. मग पुन्हा बैल जुंपले, ते 1880 पर्यंत. इंजिनाचा काय दोष? पुतण्याच्या फोनलाही पंखा नाही. थोरले कोअर फार वेळ धावले की उष्णता जायला वाट नाही, मग फोनच त्यांचा लगाम खेचतो.

खरी कसोटी मात्र कामं वाटणाऱ्याची. कुठलं काम कोणाकडे द्यायचं हे शेड्युलर नावाची आज्ञावली ठरवते, क्षणाक्षणाला. लिनक्सच्या शेड्युलरला कोणत्या कोअरवर किती वीज जाईल याचा अंदाज घेऊन वाटणी करणं 2019 साली जमलं. आमच्या वहिनींना ते लग्न होऊन आल्या तेव्हापासून जमतं. दादांना त्या वर्षातून दोनदाच हलवतात, दिवाळीत माळ्यावरचे डबे काढायला आणि उत्तरायणात गच्चीवर पाण्याचं पिंप चढवायला. एकदा मीठ आणायला पाठवलं होतं, तर आधी चहा मागितला.

"अरे, कोपऱ्यावरून दही आण बघू!" स्वयंपाकघरातून हाक आली.

पुतण्या पुटपुटत उठला, चपला शोधल्या, गेला. मी डोळे मिटून थोरल्यासारखा निपचित पडून होतो. जिन्यावरची पावलं थांबल्यावर झोपाळ्यावर सरकलो.